निनावी पाकीट

वर्ध्याच्या मुकेशला संगणकातलं सगळं कळतं, असं खुद्द मुकेशचंच मत होतं. धोंड्याच्या महिन्यात पुलगावला सासुरवाडीत पाय ठेवल्याठेवल्या त्याने सगळ्यांच्या फोनात एक ॲप टाकून दिलं.

"ना कंपनी, ना सर्व्हर! निरोप बंद पाकिटात या फोनातून त्या फोनात फिरते. ज्याले त्याले फक्त मागचा फोन दिसते. पाठोनारा कोन, ब्रह्मदेवालेबी कळत नाई!"

"ब्रह्मदेव काऊन विचारीन?" सासूबाई आनंदाबाई म्हणाल्या.

खरी गोम वेगळीच होती. घरात कूलर एकच, आणि तो थोरले जावई ओमप्रकाशराव यांच्या खोलीत! मुकेश पंख्याखाली पापडासारखा भाजून निघत होता. पण जावयाने तोंडाने कूलर मागायचा म्हणजे जन्मभराची शोभा! बायको सुरभीने तर बजावूनच ठेवलं होतं, "काही मागितलं त पाहा!"

म्हणून दुपारच्या पंगतीत मांडीखाली फोन धरून त्याने सासूबाईंच्या नावे निनावी पाकीट सोडलं.

आता या जाळ्यात फोन होते अवघे चार, हे त्या विद्वानाच्या ध्यानातच आलं नाही! त्यात आनंदाबाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांचा फोन सगळं मोठ्याने वाचून दाखवायचा.

"मुकेशकडून बंद पाकीट आलं! सुरभीकडे पाठवलं!" फोन गरजला.

सुरभीचा फोन वाजला. मग ओमप्रकाशरावांचा वाजला.

"ओमप्रकाशकडून पाकीट आलं! तुमच्यासाठी आहे! 'कूलर धाकट्या जावयांना द्यावा. थोरल्यांना तशीही गाढ झोप लागते, साऱ्या घराला ऐकू येते. आपला, एक हितचिंतक.'"

ब्रह्मदेवाचं माहीत नाही, पंगतीला मात्र कळलं.

"जवाईबुवा, माह्याच हातून गेलं अन् फिरून माह्याच हाती आलं! लपवाचंच होतं, त मलेच काऊन पोस्टमन केलं?"

"रस्ता ॲपच निवडते, आई..."

ओमप्रकाशराव मोठ्या मनाचे! "मले राग नाई, मुकेशभाऊ. न्या कूलर! पन त्याच्याबिगर मले झोप येत नाई. मीबी तुमच्याच खोलीत येतो!"

आणि आले. सुरभी हसत थोरल्या बहिणीच्या खोलीत झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण. तांबारलेल्या डोळ्यांनी मुकेश पाटावर बसला. अनारशांच्या ताटाशेजारी एक कागदी पाकीट होतं. आत कापसाचे दोन बोळे, कानात बसतील असे!

"कोनं ठेवलं?" त्याने विचारलं.

सगळे मान खाली घालून जेवत होते. पाठवणारा कोण, ते त्याला आजतागायत कळलेलं नाही.