वाकड्या शंखांचा निकाल

भूशास्त्राच्या वर्गातली सत्तावीस पोरं नापास झाली आणि एकटा जिबिन पास झाला, हे ऐकून सौदामिनी टीचरांच्या हातातला चहाचा ग्लास हातातच राहिला. जिबिन! ज्याच्या चार आज्या एकाच वर्षात वारल्या आणि प्रत्येकीच्या दिवसांसाठी ज्याने आठवडा-आठवडा रजा घेतली, तो जिबिन!

यंदा विद्यापीठाने फर्मान काढलं होतं की सूक्ष्म जीवाश्मांची परीक्षा संगणकावरच घ्यायची. त्यासाठी बेंगळुरूच्या कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअर आलं होतं. पडद्यावर वाळूच्या कणाएवढ्या शंखाचं चित्र मोठं होऊन येई, खाली तो कुठे आणि कोणत्या महिन्यात सापडला ते लिहिलेलं. त्यावरून पाणी कसं होतं ते ओळखायचं: खोल, थंड, घाण, की खारेपणा सतत वरखाली होणारं. अशी वीस चित्रं, आणि दहा बरोबर आली की पास. एरवी टीचर हेच खाडीतल्या चिखलावर शिकवत, पोरांना सूक्ष्मदर्शकाशी बसवून, बारीक ब्रशाने एकेक शंख वेचायला लावून.

"टीचर, मला सात मिळाले," फर्सानाने सांगितलं. तिचे डोळे भरले होते. खाडीतल्या शिंपल्या सोलून उम्माने, म्हणजे आईने, शिकवलेली ही मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार. पुढच्या शिक्षणासाठी कोचीत तिची जागा नक्की झाली होती, फक्त या विषयात पास व्हायचं होतं. गुण विद्यापीठाकडे शुक्रवारी चारला जायचे होते. आज बुधवार.

"सात? तुला? काय लिहिलंस तू?"

"तुम्ही शिकवलंत तेच. शंख वाकडातिकडा, नदीच्या मुखाशी, जुलै महिना. म्हणजे पावसाचं गोडं पाणी खाडीत घुसलं आणि शंखाची वाढ बिघडली. तशी बारा चित्रं होती. बाराही चूक म्हणतंय."

"मग बरोबर काय म्हणे?"

"घाण पाणी."

"अय्यो!" टीचर उठल्याच. "कोण मूर्ख सांगतो असं?"

जिबिनचं गुपित सोपं होतं. त्याने विसाच्या वीस चित्रांना 'घाण पाणी' ठोकून दिलं होतं. "पर्यावरणाचा पेपर आहे ना, टीचर," तो म्हणाला, "पर्यावरणात पाणी घाणच असतं." चौदा गुण! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशातली गत.

विभागप्रमुख चेरियन सर नियमाला धरून चालणारे. सॉफ्टवेअर पहिल्या आलेल्याचा सत्कार करायला सांगत होतं, तेव्हा दुपारच्या आत जिबिनला शाल मिळाली, आणि शिपाई पुष्पांगदन चेट्टांनी त्याचा फोटो फलकावर लावला. नापासांसाठी जादा वर्ग घ्यायचा आणि तो पहिल्या आलेल्याने घ्यायचा, असंही सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं होतं. तेही सरांनी मान्य केलं.

"सर, अहो तो काय शिकवणार?"

"टीचर, यंत्राला आपला-परका नसतो. तुम्हाला खात्री असेल तर तुम्हीच परीक्षा देऊन दाखवा."

टीचरांनी पदर खोचला आणि तिथेच बसून परीक्षा दिली. वीस उत्तरं, एकाही ठिकाणी हात अडखळला नाही. पडद्यावर आलं: आठ. खाली एक हसरं कासव, आणि कासवाच्या तोंडी 'निराश होऊ नका, सराव करा!'

पाच मिनिटांत जादा वर्गाची यादी आपोआप निघाली. अठ्ठावीस नावं. शेवटचं नाव डॉ. के. सौदामिनी. चेरियन सरांनी ते खोडायचा प्रयत्न केला, पण यादी खोडू देईना.

संध्याकाळच्या आत कॉलेजभर झालं. कँटीनमध्ये केळ्याची भजी काढणारा सुद्धा म्हणाला, "टीचर, होतं असं कधीकधी. पुढच्या वेळी जमेल." आणि जिबिन, त्याचं काय सांगावं, अदबीने दारात येऊन उभा! "टीचर, उद्या दहाला वर्ग आहे. नाही आलात तरी मी हजेरी लावीन."

टीचरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कंपनीला असं पत्र खरडलं की वाचणाऱ्याची बोटं भाजावीत. 'हे अडाणी उत्तर ज्या महाभागाने दिलं, त्याने आयुष्यात कधी खाडी पाहिलेली नाही.' सकाळी कंपनीतल्या एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, ती बारा चित्रं आणि उत्तरं आम्ही एकाच शोधनिबंधातून घेतलीत. फार नावाजलेला निबंध आहे हो. डॉ. के. सौदामिनी, एकोणीसशे पंच्याण्णव."

टीचरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम? ऐकताय ना? त्यांचा निबंध चुकीचा आहे असं कुणी कुठे छापलेलं नाही. त्यांचंच सहीचं पत्र आलं तर आम्ही लगेच बदलू. पण त्यांचा पत्ता लागत नाही. वारल्यासुद्धा असतील."

"नाही," टीचर म्हणाल्या, "अजून जादा वर्गाला जातात."

फोन ठेवून त्यांनी कपाटाच्या तळातून एक पिवळी पडलेली प्रत काढली. तो निबंध! सत्तावीस वर्षांचं वय, एका पावसाळ्यात गोळा केलेले वाकडे शंख, आणि काथ्यासाठी नारळाची सोडणं कुजवणाऱ्या घाण डबक्यांवर ठेवलेला ठपका. त्यावर नाव झालं, ही नोकरी लागली. पुढे सहा वर्षांनी माहेरच्या खाडीत, जिथे सोडणं नाहीत, कारखाना नाही, काही नाही, तिथे ऐन पावसात तसेच वाकडे शंख निघाले. चूक त्यांना तिथल्या तिथे कळली. तेव्हापासून त्या वर्गात बरोबर तेच शिकवत. छापून मात्र काही आलं नाही. आधी, ज्यांच्या हाताखाली तो निबंध लिहिला ते गुरू हयात होते, त्यांना वाईट वाटलं असतं. मग गुरू गेले, तेव्हा गेलेल्या माणसाच्या मागे कशाला, असं झालं. आणि मग, इतका जुना निबंध वाचतंय कोण!

फर्साना दाराशी उभी होती. टीचरांनी तिला आत बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" फर्सानाने विचारलं.

"हो."

"मग लिहिलं का नाहीत?"

"लाज वाटली गं. दुसरं काही नाही." टीचरांनी चष्मा पुसला. "आणि लाजेला कारणं काय, हवी तेवढी मिळतात."

फर्सानाने मान खाली घातली. "उम्माने चुलत्यांना कोचीत खोली बघायला सांगितलंय," ती एवढंच म्हणाली.

पत्र चार ओळींचं होतं. 'माझा निबंध चुकीचा आहे. बाराही शंख खारेपणाच्या चढउतारामुळे वाकडे आहेत. हे मला फार पूर्वीच कळलं होतं. सांगायला उशीर केला, तो दोष माझा.' वाचून चेरियन सर कळवळले. "टीचर, शेवटची ओळ कशाला? पुढल्या वर्षी निवृत्ती आहे तुमची. नाव जाईल."

"ती काढली तर बाकीच्या तीन कोण खऱ्या मानेल, सर?"

शुक्रवारी अडीचला कंपनीने उत्तरं बदलली. यंत्राने सगळ्यांचे गुण पुन्हा मोजले. फर्साना एकोणीस. सत्तावीसच्या सत्तावीस पास. ती पळत येऊन टीचरांच्या गळ्यातच पडली, आणि टीचरांना रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही. गुण चारच्या आत गेले.

जिबिनला मिळाले दोन. पुष्पांगदन चेट्टांनी फलकावरचा फोटो उतरवून त्याच्याच हातात दिला. तो घेऊन तो तडक टीचरांकडे आला.

"हा काय न्याय झाला, टीचर? बुधवारी मी हुशार होतो, आज ढ! मधल्या काळात मी एक उत्तर तरी बदललं का?"

टीचरांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना त्याचा राग आला नाही.

"नाही बदललंस, तेच तर झालं," त्या म्हणाल्या. "पण तू दोन दिवसांत सुटलास रे. मला वीस वर्षं लागली."