चेहरा स्पष्ट दिसावा

छायाचित्रात एक फलक, बेचाळीस विद्यार्थी, एक फादर, एक सिस्टर आणि दोन प्राध्यापक आहेत. माणसे एकूण सेहेचाळीस. फलक आठ फूट बाय चार फूट. बाकी चिखल, थोडे हिरवे आणि वर ढग.

सहभाग हा शिक्षणाचा प्राण आहे. ज्ञान काय, घरी बसूनही मिळते. सहभाग मात्र सामील झाल्याशिवाय मिळत नाही, आणि सामील झालेले दिसल्याशिवाय कुणी सामील झाले असे म्हणता येत नाही. एवढे तत्त्व ज्याला पटले त्याला आमच्या संत हिलरी महाविद्यालयाची थोरवी वेगळी सांगावी लागणार नाही. मी इथूनच रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले आणि सध्या इथल्याच विद्यार्थी सहभाग कक्षात आकडेमोडीसाठी तात्पुरती मदतनीस आहे. (तात्पुरतेपणाचे हे तिसरे वर्ष.) त्यामुळे पुढची माहिती मोजून दिलेली आहे.

महाविद्यालयात विद्यार्थी तीनशे बारा आणि मंडळे तेवीस. निसर्ग मंडळ, जलसाक्षरता मंडळ, सर्वधर्म सद्भाव मंडळ, वक्तृत्व मंडळ, मौन मंडळ वगैरे. यांतले मौन मंडळ सर्वांत कार्यक्षम आहे, कारण त्याच्या बैठकीत काय झाले हे कुणी विचारत नाही. लिलाधर नावाचा विद्यार्थी अकरा मंडळांचा अध्यक्ष आहे. त्यांपैकी सात मंडळांची नावे त्याला तोंडपाठ आहेत. वर्षाच्या सुरुवातीला चॅपेलसमोरच्या अंगणात 'सामील व्हा' सप्ताह भरतो. नवीन विद्यार्थी रांगेने तेवीस टेबलांसमोरून जातो आणि शेवटच्या टेबलापाशी त्याला गुलाबाचे फूल मिळते. हे फूल पुढच्या विद्यार्थ्यासाठी परत घेतले जाते.

आमचे प्राचार्य फादर ग्रेगरी हे खरोखर सज्जन गृहस्थ आहेत. चांगले काम गाजावाजा न करता करावे, असे ते दर शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर कळकळीने सांगतात. (या भाषणाची ध्वनिचित्रफीत महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते.)

पूर्वी उपक्रम करण्यात फार वेळ जाई. झाड लावायचे तर खड्डा खणावा लागे. कक्षाचे समन्वयक प्रा. राजकुमार सर यांनी या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि उपक्रमाचे घटक वेगळे केले: फलक, मान्यवर, चेहरे, छायाचित्र आणि प्रत्यक्ष काम. मूल्यांकन समितीकडे यांतले पहिले चार पोचतात. पाचवा घटक कुठेच पोचत नाही, असे निदर्शनास आल्यावर तो ऐच्छिक करण्यात आला. तेव्हापासून एका सकाळी सहा उपक्रम होतात. मधल्या वेळेत फक्त फलक बदलावा लागतो. नियमावलीही त्याच काळात आली. तिचे सातवे कलम असे: 'सहभागी विद्यार्थ्याचा चेहरा फलकासह एकाच चौकटीत स्पष्ट दिसावा.'

याच कलमावर रंजूचा निकाल अडला.

रंजू साकोलीजवळच्या एकोडीची. वडील भैयालाल आणि आई मंदाबाई, घरची धानाची शेती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्रात वर्गात पहिली. नागपूरला एम.एस्सी.साठी तिचा नंबर लागला होता आणि जुलै संपण्याआधी तिथे गुणपत्रिका नेऊन द्यायची होती. नाही दिली तर जागा पुढच्याला. गुणपत्रिका मात्र सहभागाचे दोन गुण जमा झाल्याशिवाय निघत नव्हती, आणि तिच्या वर्गाचे ते दोन गुण एका शिबिरात अडकले होते. शिबिराचे नाव 'मातीशी नाते: एकदिवसीय भात रोवणी अनुभव'. ते एप्रिलमध्ये ठरले होते. एप्रिलमध्ये बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, नुसती ढेकळे असतात, ही गोष्ट फलक छापून आल्यावर लक्षात आली. मग शिबिर जुलैवर गेले आणि वर्गाचे निकालही त्याच्याबरोबर गेले.

शिबिराची जागा म्हणून भैयालाल यांची बांधी निवडण्यात आली. निकष दोन होते: बस धुऱ्यापर्यंत (म्हणजे शेताच्या बांधापर्यंत) जाते, आणि मालकाची मुलगी आपल्याकडेच शिकते. भैयालाल यांनी आनंदाने होकार दिला. त्यांना वाटले, हात येत आहेत.

वर्गात विद्यार्थी बेचाळीस. बसमध्ये एक्केचाळीस चढले. यांतल्या तेहतीस जणांच्या घरी धानाची शेती आहे आणि त्या दिवशी घरी रोवणा चालू होता. तो अर्धा टाकून ते रोवण्याचा अनुभव घ्यायला आले. बेचाळिसावी रंजू. तिच्या नावासमोर राजकुमार सरांनी बसमध्ये गैरहजेरी मांडली. कारण: शेतात.

ती खरोखरच शेतात होती. त्या दिवशी बाया कमी पडल्या होत्या, म्हणून सकाळपासून आईच्या ओळीत उतरली होती. ओळीत नऊ जणी. प्रत्येकीने लुगड्यावर किंवा ड्रेसवर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट घातलेला. रंजूच्या अंगात भैयालाल यांचा निळ्या चौकड्यांचा होता.

बस आली. दोघा प्राध्यापकांनी फलक धरला. एक्केचाळीस जण धुऱ्यावर उभे राहिले, एका हातात रोपांची जुडी आणि दुसऱ्या हातात चपला. छायाचित्रकार पिंटू (फलकही त्याच्याच दुकानात छापतात) समोरच्या धुऱ्यावर उभा राहून ओरडला, "ओ मावशी, जराशा बाजूले सरका ना जी. फोटोत येऊन राहिल्या तुमी."

मंदाबाई मान वर न करता म्हणाल्या, "आमी सरकलो तं बांधी कोन रोवन? तुहा बाप?"

"बाप दुकानात बसला, मावशी."

"मंग तू उतर. कॅमेरा मी धरतो."

बायांची ओळ हसली, पण थांबली नाही. पिंटूने तसेच बटण दाबले. त्यानंतर दुसऱ्या छायाचित्रासाठी विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष रोवणीही केली. ती करताना मान खाली जाते आणि चेहरा दिसत नाही, असे आढळल्यावर राजकुमार सरांनी उभ्यानेच रोवण्याची सूचना दिली. उभ्याने रोवलेले रोप चिखलावर आडवे पडते. लिलाधरने पूर्ण जुडी एकाच जागी रोवली, आणि अकरा मंडळांच्या वतीने रोवल्यामुळे ते योग्यही होते. फादरांनी प्रार्थना केली, सगळ्यांना केळे मिळाले, बस गेली. मग रंजूने आणि आईने वर्गाने रोवलेली रोपे उपटून पुन्हा रोवली. म्हणजे शिबिरातला तेवढा तुकडा दोनदा रोवला गेला. अहवालात 'अपेक्षेपेक्षा अधिक काम' अशी नोंद आहे आणि ती बरोबर आहे.

आठवडाभराने एक्केचाळीस जणांचे निकाल सुटले. रंजू कक्षात आली. राजकुमार सर आणि उपप्राचार्या सिस्टर लिओना दोघेही होते.

"सर, माहे दोन मार्क काहून नाही आले?"

"तू शिबिराला नव्हतीस."

"शिबिर माह्या घरी होतं ना जी!"

सिस्टर कनवाळू आहेत. त्यांनी छायाचित्र तिच्यापुढे ठेवले. "बेटा, तू होतीस, मला माहीत आहे. पण यात नाहीस."

रंजूने उभ्या विद्यार्थ्यांच्या खाली, चिखलात बोट ठेवले. "हे का. डाव्या हाताकून पाचवी."

सरांनी चष्मा लावला. "ही पाठ आहे."

"माहीच हाय."

"पाठ कुणाचीही असू शकते, रंजू. सातवे कलम चेहरा म्हणते."

"सर, मान वर करून रोवना होते का? तुमच्या पोट्ट्यायनं केला तसा? तो मीच उपटला सगळा."

"ते वेगळ्या उपक्रमात बसेल," सर म्हणाले. त्यांचा स्वर मदतीचा होता.

इथे वाचकाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. छायाचित्रात नऊ पाठी आहेत. पहिल्या परिच्छेदातल्या मोजणीत त्या 'बाकी चिखल' या सदरात धरल्या होत्या. त्या वेळी कुणी हरकत घेतल्याचे मला कळलेले नाही.

कक्ष अन्यायी नाही. दुसऱ्याच दिवशी पाठ-पडताळणी उपसमिती नेमली गेली. रंजूला निळ्या चौकड्यांचा शर्ट घेऊन बोलावले, घालायला लावला आणि सभागृहाच्या फरशीवर ओणवे व्हायला सांगितले. सोबत रोपे नसल्याने हातात झाडूच्या काड्या दिल्या. तीन सदस्यांनी तीन बाजूंनी पाहिले. एका सदस्याने कोन मोजावा असे सुचवले. तो मी मोजला. छायाचित्रातला आणि फरशीवरचा कोन जुळला.

उपसमितीचा अभिप्राय: 'पाठ जुळते. तथापि ओळखपत्रावर विद्यार्थिनीच्या पाठीचे छायाचित्र नसल्यामुळे सदर पाठ सदर विद्यार्थिनीचीच आहे असे म्हणता येत नाही.' (पुढच्या वर्षापासून ओळखपत्रावर दोन्ही बाजू घ्याव्यात, अशी शिफारस सोबत जोडली आहे.)

रंजूने झाडूच्या काड्या टेबलावर ठेवल्या. "मले नागपूरले जाचं हाय जी," ती म्हणाली. "महिना सरून राहिला. पुना फोटो काढा न माहा. मी धुऱ्यावर उभी राहतो, चपला घेऊन."

ते शक्य नव्हते. फलकाच्या पाठीमागची बाजू तोवर व्यसनमुक्ती सप्ताहासाठी वापरली गेली होती, आणि बांधीतले धान हिरवेगार झाले होते. त्यात कुणी उभे राहू द्यायला भैयालाल आता तयार नव्हते.

शेवटी प्रकरण फादरांपुढे गेले. त्यांनी विचारले, "ही मुलगी तिथे होती, हे सत्य आहे?"

"सत्य आहे, फादर," राजकुमार सर म्हणाले. "फक्त छायाचित्रात आलेले नाही."

"मग छायाचित्र सत्याशी जुळवून घ्या."

पिंटूने जुळवून घेतले. रंजूचा चेहरा ओळखपत्रावरून घेतला. त्यात ती दोन वेण्यांची आणि गंभीर आहे. धड दुसऱ्या ओळीतल्या मेघाचे वापरले. त्यामुळे आता त्या ओळीत एकाच पिवळ्या ओढणीच्या दोघी आहेत, दोघींच्या डाव्या हातात त्याच चपला. मेघा चिडली. "माह्या आंगावर हिचं तोंड! मंग अर्धे मार्क माहे वाढवा."

रंजूने छायाचित्र पाहिले. मग म्हणाली, "सर, चेहरा लावाचाच होता तं माह्या पाठीवरच लावाचा होता."

"ते नैसर्गिक दिसले नसते," सरांनी समजावले.

तिने छायाचित्राखाली सही केली. नागपूरची जागा जायला दोनच दिवस होते. तिला सहभागात 'उत्कृष्ट' श्रेणी मिळाली, निकाल सुटला आणि भैयालाल यांनी तिला साकोलीला नेऊन बसमध्ये बसवून दिले. मंदाबाई आल्या नाहीत. निंदण सुरू होते.

ते छायाचित्र आता मोठे करून महाविद्यालयाच्या फाटकावर लावले आहे. खाली 'शंभर टक्के सहभाग' असे लिहिले आहे. मूल्यांकन समितीने त्याच्यापुढे थांबून या उपक्रमाला पैकीच्या पैकी गुण दिले आणि मग त्याच्याच पुढे उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढून घेतले. त्यात समितीचे पाचही चेहरे स्पष्ट आहेत. रंजू फाटकावरच्या छायाचित्रात दोनदा आहे. एकदा उभी, एकदा ओणवी.

विज्ञान शिकलेल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी फाटकापाशी एक लहानसा प्रयोग केला. येणाऱ्या-जाणाऱ्या साठ जणांना थांबवून एकच प्रश्न विचारला: या छायाचित्रात माणसे किती? साठही जण शिकलेले, मोजता येणारे, वाचनाची आवड असणारे होते. थोडक्यात, हा मजकूर इथवर वाचणाऱ्यांसारखेच. कुणालाही घाई नव्हती. प्रत्येकाने बोट लावून मोजले.

साठ उत्तरे: सेहेचाळीस.

एकसष्टावे उत्तर रंजूचे, नागपूरहून फोनवर: चोपन्न. स्वतःला तिने एकदाच मोजले.