साळवे सर विरुद्ध इंग्लंड

साळवे सर रोज सकाळी सातला, चहाच्या आधी, इंग्लंडला शिव्या देतात. त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून असल्यामुळे माझा दिवसही त्याच शिव्यांनी सुरू होतो. मी दात घासत असतो आणि ते फोन माझ्या नाकासमोर धरतात. "बघा, पुन्हा तेच. फक्त देशांतर्गत पाठवणार. का? आम्ही काय चंद्रावर राहतो व्हय?"

सर आयटीआयमधून फिटर ट्रेडचे निदेशक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर पोरांकडून लोखंड घासून घेतल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू ते मापानं बघतात. न पटलेला माणूस असो, वांगी असोत की सरकारी परिपत्रक, शेरा एकच: "मापात बसत नाय." मी बँकेत नोकरीला आहे. मी तर त्यांच्या मापात कधीच बसलो नाही.

इंग्लंडशी भांडण एका लेन्सवरून आहे. सरांकडे सोळा एमएमचा जुना प्रोजेक्टर आहे, आयटीआयच्याच भंगाराच्या लिलावात घेतलेला. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत तो घेऊन ते एसटीनं गंगापूर-पैठणकडच्या वस्त्यांवर जायचे आणि दोन बांबूंना धोतर बांधून सिनेमा दाखवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, घराची साफसफाई काढली. फरसाणाच्या जुन्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवलेली लेन्स डब्यासकट भंगारवाल्याकडे गेली. आठवड्यानं प्रज्ञाही गेली, नर्सच्या नोकरीवर बर्मिंगहॅमला. सर तिला सोडायला गेले नाहीत. तेव्हापासून बाप-लेकीत एक शब्द नाही. काकू रोज स्वयंपाकघराचं दार लोटून तिच्याशी फोनवर बोलतात आणि सर बाहेर टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यामुळे आमच्या अख्ख्या मजल्याला बातम्या फुकट ऐकायला मिळतात.

तसली लेन्स आता सापडते ती इंग्लंडातल्या लोकांच्या माळ्यावर. ते लोक ती एका लिलावाच्या वेबसाइटवर विकायला ठेवतात आणि खाली 'फक्त देशांतर्गत पाठवणार' ही ओळ लिहितात. मग सर त्यांना पत्र लिहितात, प्राचार्यांना रजेचा अर्ज लिहावा तसं: महोदय, विषय, आपल्या चुकीच्या नियमाबाबत. दोन ओळींचं उत्तर येतं आणि त्यात सॉरी असतं. "सॉरी नको मला," सर म्हणतात, "कारण पायजे." वेबसाइटवरचं खातं माझं आहे, नाव माझं आहे, त्यामुळे सॉरीही मलाच येतं. आजवर अकरा विक्रेत्यांनी मला ब्लॉक केलंय. या माणसापायी माझी परदेशात जेवढी बेअब्रू झाली तेवढी गावातही झालेली नाही.

मध्यंतरी सरांनी सूड घ्यायचं ठरवलं. स्वतःचे जुने व्हर्निअर आणि मायक्रोमीटर त्याच वेबसाइटवर लिलावाला काढले आणि खाली ठळक अक्षरांत अट घातली: इंग्लंडला पाठवणार नाही. इंग्लंडातून कुणी मागितलंच नव्हतं. चार महिन्यांनी एका बिचाऱ्यानं चौकशी केली. सरांनी त्याला नकार कळवला आणि मजल्यावर इमरती वाटली.

हे सगळं चालू असताना आम्ही एकच सांगत होतो, प्रज्ञाचा पत्ता द्या. लेन्स तिच्याकडे पोचेल, ती इकडं पाठवेल, विषय संपला. सर भडकायचे. "जिनं डबा भंगारात घातला तिच्या हातात पुन्हा लेन्स देऊ? मापात बसत नाय."

मग एका रविवारी दुपारी मी झोपलेलो असताना सरांनी डोकं चालवलं. माझ्या खात्यावरून बोली लावली, लेन्स जिंकली आणि पत्ता भरला: घर नंबर आपला, सिडको, छत्रपती संभाजीनगर, आणि शेवटच्या ओळीत बर्मिंगहॅम. पिनकोड तिथल्या रेल्वे स्टेशनचा. त्यांचं म्हणणं असं, की एकदा वस्तू विक्रेत्याच्या हातातून सुटली की पुढचं काम पोस्टाचं. "आपला पोस्टमन नुसत्या साळवे सर एवढ्या नावावर पाकीट आणून देतो. त्यांचा का नाय देणार?"

पार्सल पंधरा दिवस बर्मिंगहॅमात सिडको शोधत फिरलं आणि विक्रेत्याकडे परत गेलं. त्या माणसानं पैसे परत केले आणि मला अतिशय सभ्य पत्र लिहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तडक सरांना जिन्यात गाठलं आणि त्यांच्यावर ओरडलो. मजल्यावरची सगळी दारं उघडली तरी थांबलो नाही. "भांडण तुमचं त्या गोऱ्याशी नाहीच," मी म्हणालो. "पोरीशी बोलायची हिंमत नाही, म्हणून दोन वर्षं दुसऱ्याच्या नावानं बोंबलताय. भित्रे आहात तुम्ही, सर."

मी मापात बसत नाही, एवढंसुद्धा सर म्हणाले नाहीत. आत गेले आणि दार लावून घेतलं. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही. दोन सकाळी गॅलरीत कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. त्या माणसानं तीच लेन्स पुन्हा लिलावाला काढली होती. "लावा बोली," सर म्हणाले. लावली. तासाभरात लिलाव संपला आणि लेन्स आम्हाला मिळाली. पत्त्याचा रकाना समोर आला. "हं, सांगा," मी घुश्शातच म्हणालो.

सरांनी समोरच्या भिंतीकडे बघत पत्ता सांगायला सुरुवात केली. फ्लॅटचा नंबर, रस्ता, गाव, मग तो तिथला अक्षरं आणि आकडे मिसळलेला पिनकोड. कुठं अडले नाहीत.

"काकू तिला मसाल्याचं पार्सल पाठवतात, त्यावरचा ना हा?" मी विचारलं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "नाय हो भाऊ. तिनं मागल्या महिन्यात घर बदललं. मी अजून कुठं लिहून पण ठेवला नाय. तिनं फोनवर सांगितला तवा एकदाच मोठ्यानं म्हणून बघितला, तेवढंच. आणि हे तर बाहेर टीव्ही लावून बसले होते."

सर भिंतीकडेच बघत राहिले. "तिचा फोन नंबर पण टाका," ते म्हणाले. "सांगतो."

दहा दिवसांनी प्रज्ञाचा मला फोन आला. "काका, पार्सल मिळालं. माझं नाव बघून उघडलं तर आत लेन्स. पप्पांचीच ना ही? उद्याच कुरिअर करते. सांगा त्यांना, जयंतीच्या आत पोचेल."

मी तसाच चालू फोन घेऊन शेजारी गेलो आणि सरांपुढे धरला. "प्रज्ञा आहे. लेन्स आली तिच्याकडे. उद्या पाठवू का, विचारतेय."

ज्या लेन्सनं इकडं यावं म्हणून हा माणूस दोन वर्षं अख्ख्या देशाशी भांडला, ती आता निघायला तयार होती. सरांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग कानाला लावला.

"पाठवू नको," ते म्हणाले. आवाज वर्गात शिकवतानाचा काढला होता. "काच हाय ती, फुटंल. जयंतीला तूच घेऊन ये."

पलीकडून ती काय म्हणाली ते ऐकायला मी जरा पुढं झालो, तर सरांनी मला हातानंच बाहेर हाकललं. फोन माझा, आणि मलाच दाराबाहेर काढलं. मी पाऊण तास जिन्यात बसून राहिलो. फोन मागायला काही आत गेलो नाही.