बिनवकिलाचा काडीमोड

मुलांनो, कुणीतरी खोटं बोललं आहे. नाव घेणार नाही. पण ज्याने कोर्टाच्या दारावर 'येथे वकिलाची सक्ती नाही' अशी पाटी लावली आणि पाटीच्या बरोबर खाली अकरा कोल्ह्यांसाठी बाक टाकले, त्याने छातीवर हात ठेवून सांगावं की त्याचा त्या पाटीवर विश्वास होता.

असो. एका जंगलात एक बेहड्याचं झाड होतं. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्यांचं जोडपं राहत होतं. नवरा सदानंद, बायको इंदुमती. धनेशाची चोच केवढी असते, ठाऊक आहे ना? पपईच्या फोडीएवढी. अशा दोन चोची एका ढोलीत मावायच्या, तर एकाने उजवीकडे बघायचं आणि दुसऱ्याने डावीकडे. बारा वर्षं ती दोघं अशीच राहिली.

सदानंद वाईट नव्हता. तो फक्त उंबरं आणायचा. इंदुमतीने जांभूळ मागितलं तरी उंबर, करवंद मागितलं तरी उंबर. का, असं विचारलं तर म्हणायचा, उंबर पोटाला बरं. इंदुमतीही वाईट नव्हती. ती फक्त पहाटे उठून गायची. धनेशाचं गाणं म्हणजे करवतीला पडसं व्हावं तसं.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, आपलं जमत नाही."

"नाही जमत," सदानंद म्हणाला.

"मग मोडूया?"

"मोडूया. उंबर खाणार?"

झालं. तंटा म्हणून काय तो एवढाच.

आता नदीपलीकडच्या टेकडीवर शिवणीचं एक झाड होतं. ढोली रिकामी, खाली जांभळींची रांग. इंदुमतीचा जीव त्या झाडात अडकला होता. तिथे राहायचं, हवं ते फळ आपल्या चोचीने तोडायचं आणि पहाटे पोटभर गायचं. पण जंगलात ढोलीची झाडं उरली होती मोजकी. म्हणून दरबाराचा नियम होता की एका जोडप्याला एकच ढोली. दुसरी हवी तर काडीमोडाचा कागद दाखवा.

बातमी फुटताच अकराच्या अकरा कोल्हे बेहड्याखाली जमले. इंदुमतीने त्यांना वाटेला लावलं. वकील भांडायला लागतो, आम्ही तर भांडतच नाही, असं तिचं म्हणणं. ती शिकलेली होती. तिने कायद्याचं पुस्तक मुळातून वाचलं होतं. ही सवय वाईट, मुलांनो. कायदा वाचणाऱ्याला वाटू लागतं की तो तसाच चालतही असेल.

दोघं मिळून कोर्टात गेली. कारकून होता सरडा. त्याची पंचाईत अशी की तोंड 'नाही' म्हणत असलं तरी मान 'हो हो' करायची. त्याच्या मागच्या भिंतीवर 'आदर्श दांपत्य पुरस्कार' असा धुळकट फलक होता. त्यावरची मुदत सात वेळा खोडून वाढवलेली होती.

सरड्याने सांगितलं की काडीमोडाआधी वर्षभर वेगळं राहिल्याचा पुरावा लागतो. इंदुमती म्हणाली, वेगळं राहायला दुसरी ढोली द्या. सरडा म्हणाला, दुसरी ढोली काडीमोडानंतर. मान हो हो करत होती.

दुसरी कुणी असती तर रडत घरी गेली असती. इंदुमतीने मात्र तोड काढली.

धनेशांत एक जुनी रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते, दाराला चिखलाची भिंत घालते आणि चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून चिखल आणतो आणि मग पिल्लं मोठी होईतो फटीतून खाऊ भरवतो. ही रीत संसाराची. पण इंदुमतीला वाटलं, भिंत ती भिंत. मध्ये भिंत असल्यावर कोण म्हणेल एकत्र राहतात?

सदानंदने चिखल आणला. आत कुणी बसायचं यावर चर्चा झाली नाही. भिंत म्हटल्यावर इंदुमती सवयीने आतच शिरली.

वेगळं राहायचं होतं, उपाशी मरायचं नव्हतं. म्हणून सदानंद रोज फटीतून सतरा उंबरं द्यायचा. एक दिवस चुकला नाही. उंबरं देऊन झाली की दोघं अर्ज लिहायची. मजकूर तिचा, अक्षर त्याचं. सरड्याने अर्ज चार वेळा परत पाठवला. एकदा पान वडाचं होतं, पळसाचं हवं. एकदा तारीख देठाकडे होती, टोकाकडे हवी. दोघांनी न कुरकुरता पाचव्यांदा लिहिला. एवढा नेटका अर्ज त्या कोर्टाने पाहिला नव्हता. त्यातच घात झाला.

वर्ष भरलं. न्यायमूर्ती गवा स्वतः जागेची पाहणी करायला आले. फटीतून इंदुमतीला निम्मे न्यायमूर्ती, सरड्याची शेपटी आणि जंबुकराव कोल्ह्याचा एक कान दिसला. सगळं जंगल जमलं होतं.

न्यायमूर्तींनी रवंथ करत विचारलं, भांडण कशावरून? भांडण नाही, दोघं एकदम म्हणाली. चोचीने मारलं? नाही. उपाशी ठेवलं? सदानंद दचकला आणि म्हणाला, छे हो, रोज सतरा उंबरं. भिंत कुणी बांधली? दोघांनी मिळून. अर्ज कुणी लिहिला? दोघांनी मिळून.

न्यायमूर्तींचं रवंथ थांबलं. डोळे पाणावले.

"परवा माकडांचा काडीमोड मंजूर केला," ते म्हणाले. "दोघांच्या शेपट्या एकमेकांच्या दातांत होत्या. त्याला म्हणतात काडीमोड. हा तर संसार आहे. अर्ज नामंजूर."

टाळ्या कडाडल्या. आत इंदुमतीच्या डोळ्यांपुढे टेकडीवरचं झाड आलं आणि पुसट झालं.

टाळ्यांच्या गडबडीत जंबुकराव फटीला तोंड लावून म्हणाला, "ताई, तुम्ही खरं बोललात तिथेच केस गेली. माझ्याकडे द्या. मी तेच सांगतो, फक्त शब्द बदलतो. वर्षभर कोंडून ठेवलं. सतरा उंबरांवर जगवलं. गाण्याचा आवाज दाबला. पुढच्या तारखेला कागद तुमच्या चोचीत."

इंदुमतीने बाहेर पाहिलं. सदानंद फांदीवर बसला होता. चोचीत दिवसाचं सतरावं उंबर. एवढी गर्दी असताना ते द्यावं की नाही, या विचारात तो अवघडला होता. हा कंटाळवाणा आहे, दुष्ट नाही, तिला वाटलं. जंगलात या दोन गोष्टींना दोन शब्द होते. कोर्टात एकच होता.

"नको," ती म्हणाली. "कागद खोटा असला तर ते झाडही मला खोटं वाटेल."

जंबुकरावाने कान पाडला. एवढ्यात न्यायमूर्तींनी सरड्याला काहीतरी विचारलं. सरडा तुरुतुरु धावला आणि तो धुळकट फलक घेऊन आला. सात वर्षं पुरस्कार पडून होता. जंगलात न भांडणारं जोडपं सापडतच नव्हतं.

"इंदुमतीबाई," न्यायमूर्ती म्हणाले, "आदर्श दांपत्य म्हणून दरबार तुम्हाला बक्षीस देतो. जंगलातलं कोणतंही एक झाड मागा. नियम आड येणार नाही."

फटीतून एक चोच हळूच बाहेर आली.

"नदीपलीकडची शिवण," इंदुमती म्हणाली.

खोट्या कागदाबद्दल ती मघाशी काहीतरी बोलली होती. पण मुलांनो, खाली जांभळींची रांग होती.

दोघांनी मिळून भिंत फोडली, ती आतून, तो बाहेरून. सदानंदने सतरावं उंबर दिलं. तिने ते खाल्लं, आणि जंगलाने टाळ्या थांबवायच्या आत नदी ओलांडली.

आता ती टेकडीवर गाते, तो बेहड्यावर निवांत झोपतो. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी दरबार दोघांचा सत्कार करतो. दोघं पाव घटका एका फांदीवर बसतात. तो उजवीकडे बघतो, ती डावीकडे. आया आपल्या पिल्लांना सांगतात, बघा, याला म्हणतात जोडी.

तात्पर्य : वेगळं व्हायचं असेल तर आधी नीट भांडायला शिका. तेवढं जमत नसेल तर आदर्श जोडपं म्हणून नाव कमवा. मग तुम्ही कुठे राहता, हे कुणी विचारत नाही.

हे तात्पर्य सरड्याने वहीत उतरवून घेतलं. लिहिताना मान हो हो करत होती. मग सरडीण जवळपास नाही ना, हे बघून तो हळूच म्हणाला, "पुरस्काराचा अर्ज माझ्याच टेबलावर पडलाय हो. पण त्यावर दोघांची सही लागते, आणि आमचं तेवढंही जमत नाही."