कपाशीचा नवा जोडीदार

राजनंदिनी परभणीच्या एका प्रयोगशाळेत कपाशीवर संशोधन करत होती. पाणी तुटलं की मुळांतून पेशींना निरोप जातो, आणि एक प्रथिन नेमक्या जनुकांची कळ दाबतं. हे प्रथिन एकटं काम करत नाही. त्याचे जोडीदार कोण, हे तिला शोधायचं होतं. प्रथिनाला गळ टाकून ओढायचं आणि त्याला चिकटून काय वर येतं ते यंत्रावर ओळखायचं. या खेपेला भरपूर काहीतरी वर आलं, आणि ते कपाशीच्या एकाही ओळखीच्या प्रथिनाशी जुळेना.

तिचे मार्गदर्शक शिवप्रसाद सर गावी गेले होते. तिला राहवलं नाही. तिने मानवतला, घरी, फोन लावला.

"बाबा, नवा जोडीदार सापडला! आजवर कुणालाच ठाऊक नव्हता."

"कुणाचा?" राधाकिशन दचकले.

"कपाशीतल्या प्रथिनाचा."

"असं व्हय! मग लय भारी झालं की!"

राधाकिशनांनी ते कापूस विकायच्या आडतीवर सांगितलं. आडतदार दत्तरावांनी रविवारी सत्कार ठरवला. शनिवारी चौकात फलक लागला : 'दुष्काळाला हरवणारी मानवतची लेक'.

त्याच दुपारी सर परतले. त्यांनी निकाल इतर सजीवांच्या प्रथिनांशी ताडून पाहिला आणि तिच्याकडे वळले.

"प्रयोग करताना अंगात काय होतं?"

"स्वेटर. एसीत थंडी वाजते म्हणून आईनं विणलंय."

"लोकरीचं?"

तिने मान डोलावली.

"हा जोडीदार मेंढीचा आहे."

तिने लगेच घरी कळवलं. "आता मंडप घातलाय. तूच येऊन सांग," राधाकिशन कसेबसे म्हणाले.

रविवारी तिने माईकवर सगळं सांगितलं : स्वेटरची लोकर नमुन्यात पडली, आणि यंत्राने तीच ओळखली. कुणी हसलं नाही. तिच्या आई, गोजरबाई, उभ्या राहिल्या. "म्हंजी माझ्यामुळं घोळ झाला का गं?"

"न्हाई माय. घालून आत मी गेले."

दत्तराव गंभीरपणे पुढे आले. "पोरगी खरं बोलली. आन् आता नारळ आणलाच हाय, तर घे."

सोमवारी तिने स्वेटर न घालता, कुडकुडत, प्रयोग पुन्हा केला. मेंढी गेली. मेंढीच्या गर्दीत आधी न दिसलेलं एक प्रथिन मात्र उरलं. थोडंसंच, पण कपाशीचं. पुन्हा केला, तरी तेच. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "आहे," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात राधाकिशनांचा फोन आला. "काय गं, सापडलं का काई?"

"तुमी कुठं हाव, बाबा?"

"आडतीवर. समदे बसलेत."

राजनंदिनीने पडद्याकडे एकवार पाहिलं.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "आजून काईच न्हाई."