आमगावच्या अंगणीं लाजाळू फुलविल्याची हकीकत

श्री. शके अठराशें शाहात्तर, जयनाम संवत्सरीं, आमगावीं चैनलालजींचे अंगणांत लाजाळूचें झुडूप वाढवितां जो कठीण प्रसंग गुदरला, तो पुढील मंडळींस खोटा वाटूं नये, सबब जैसा घडला तैसा लिहिला असे.

चैनलालजी म्हणजे धानाच्या बांध्यांचे धनी, शब्द थोडे, मिशा फार, आणि घरीं दरारा ऐसा कीं ते जेवूं बसले असतां कोणी खोकूं नये. चिरंजीव ग्यानीराम यांचें लग्न त्याच वैशाखांत होऊन सूनबाई कुंता बोदलकशाच्या माहेराहून घरांत दाखल झाली. मग माहेरची याद येऊन पोरीस घांस गोड लागेना, आणि माहेरचे दारीं गुलाबी गोंड्यांचें लाजाळू होतें त्याचें बीं पदराचे गांठीस आणिलें होतें, तें अंगणाचे उन्हाचे कोपऱ्यांत लावावें ऐसी मसलत तिनें केली.

बियांचें कवच टणक, म्हणोन तीं कढत पाण्यांत भिजत टाकिलीं. सासूबाई दुलारी यांनीं पातेल्यांत डोकावून हें कोणतें वरण म्हणोन पुसिलें, आणि उत्तर ऐकून ती खबर तांतडीनें चैनलालजींस पोंचविली. त्यांनीं फर्माविलें कीं, बीं उकडून पेरणारा या कुळांत आजवर कोणी निपजला नाहीं. त्या कोपऱ्यांत उकिरडा वाढविणें आहे. दिवाळीपावेतों फूल दिसलें तर बरें, नाहीं तर झुडूप मुळासकट रवाना करावें. सुनेनें सासऱ्यासमोर बोलूं नये हा घरचा शिरस्ता, म्हणोन कुंतेनें पदर पुढें ओढून शेजारीं बांधल्या गाईस कळविलें कीं हुकूम मंजूर आहे.

मग रेती, माती व कुजलें शेणखत कालवून बीं वरवर पेरिलें, पाणी बेतानें शिंपडिलें, आणि मृगाचे तोंडीं कोंब वर आले. चैनलालजी इतकेंच बोलिले कीं यंदा पाऊस चांगला आहे.

झुडूप वाढलें, आणि हात लावितां पानें मिटतात ही वार्ता मुलखांत पसरली. मग शेजारच्या देवकाबाई आपले पाहुणे घेऊन चालून आल्या, आणि ठेसनावर गाडीची वाट पाहणारे उतारूही बोटें परजीत आले, आणि पानें दिवसभर मिटलींच राहिलीं. पलीकडच्या ईश्वरदासांची शेळीही चालून आली, परंतु ओठास कांटा लागतांच माघारी गेली. सर्व फौजेंत तीच शहाणी निघाली. झुडूप पिवळें पडूं लागलें. मिटल्या पानांस ऊन मिळत नाहीं, हें कुंतेनें ताडिलें आणि बाभळीचे कांट्यांचें कुंपण घातलें. फौजा हटल्या, तरी झुडूप सुकेच.

एके दुपारीं घर निजलें असतां ती बाहेर आली, तों खासे चैनलालजी धोतर सांवरून कुंपणांत हात घालून एकेक पान मिटवीत आहेत आणि मिशींत हांसत आहेत. गाय चरावयास गेली होती. निरोप न्यावा ऐसें कोणी नव्हतें.

कुंता म्हणाली, “मामाजी, हात मांगं घ्या. झाड अजून जेवून राहिलं.”

ओसरीवर दुलारीबाई दचकून उठल्या. चैनलालजींचें बोट हवेंतच राहिलें. जन्मांत त्यांस कोणी अडविलें नव्हतें. ते हळूच बोलिले, “मले का मालूम, ते उपाशी हाये म्हणून.” मग त्यांची नजर सुनेचे मनगटाकडे गेली, बांगड्या कोपरापावेतों घसरत होत्या. म्हणाले, “तू जेवली का?”

कुंतेनें नाहीं म्हणोन मान हालविली. स्वारीनें तत्काळ जेवणाचें पान वाढण्याचा हुकूम सोडिला, आणि ती जेवेपावेतों आपण काठी घेऊन कुंपणापाशीं बसले, आणि दुलारीबाईंनीं तोंड उघडितांच जेवणाऱ्या सुनेकडे हात करून गप्प बसविलें. पुढें हाच पाहारा रोज चालिला. पोरगीही सावरली, झुडूपही सावरलें.

आश्विनांत कळ्या धरिल्या. दिवाळीस अवकाश असतां एके सकाळीं चैनलालजींनीं सूनबाईस अंगणांतून हांक मारिली, आणि ती येऊन पाहते तों गुलाबी गोंडे उमलले आहेत. तिचे डोळे भरले. चैनलालजी घुटमळले, हात पाठीशीं बांधून म्हणाले, “एका पानाले हात लावू का?”

कुंतेनें विचार करून परवानगी दिली, “एकच.”

पान मिटलें. स्वारी पोट धरून हांसली.

येणेंप्रमाणें कोपरा फत्ते जाहला, उकिरडा मागील दारीं गेला. गनीम घरचाच निघाला, त्यास माफी देऊन पाहाऱ्यावर कायम केलें. हें लिहिलें सही.