उत्स्फूर्त गोधडीचा अंतिम आराखडा

विश्वेश गायधनींनी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगून टाकलं, की येत्या रविवारी गंगापूर रोडला प्रदर्शन आहे आणि त्यात आपली गोधडी लागणार आहे. गोधडी म्हणताच दोघंतिघं हसले. तेव्हा गायधनींनी थांबून, कमरेवर हात ठेवून खुलासा केला, की ही पांघरायची गोधडी नव्हे, उत्स्फूर्त गोधडी. यात आधी काही ठरवायचं नाही, मोजायचं तर मुळीच नाही. हात नेईल तिकडे जायचं. सरकारी खात्यात पस्तीस वर्षं आरेखक म्हणून काढलेला, चपलासुद्धा भिंतीला समांतर ठेवणारा हा माणूस हात नेईल तिकडे जातो, हे पचायला मंडळींना ट्रॅकची आणखी एक फेरी लागली.

खरं म्हणजे हात कुठेच नेत नव्हता.

निवृत्तीनंतर गायधनींनी घरातल्या डब्यांना उंचीप्रमाणे नंबर द्यायला घेतले, तेव्हा त्यांच्या पत्नी मालिनीबाईंनी त्यांचं नाव यशश्रीच्या गोधडी कार्यशाळेत घातलं होतं. यशश्री परदेशात डिझाइन शिकून आलेली. तिचा पहिला नियम, पट्टी, टेप आणि पेन्सिल बाहेर चपलांपाशी ठेवून यायचं. दुसरा नियम, आकारांशी खेळायचं. नखाएवढ्या तुकड्याशेजारी दाराएवढा तुकडा ठेवायचा आणि कापड काय म्हणतंय ते ऐकायचं. कॉलेजात जाणाऱ्या निकितानं वडिलांच्या शर्टाची अख्खी बाही बटणाएवढ्या ठिगळाला जोडली. यशश्री डोळे मिटून म्हणाली, की ही बाही श्वास घेतेय.

गायधनींचं कापड काही म्हणत नव्हतं. डोळे मिटून कात्री चालवली तरी तुकडा चार इंच बाय चार इंचच निघायचा. काका, सैल सोडा ना, असं यशश्री रोज सांगायची. ते खांदे सैल सोडायचे, आणि पुढचा तुकडा पुन्हा चार बाय चार.

शेवटी त्यांनी घरी आलेखाचा कागद काढला आणि उत्स्फूर्तपणा रीतसर आखला. अठरा बाय चोवीस इंचांची गोधडी, तेवीस वेडेवाकडे तुकडे, प्रत्येक वाकडेपणाचा कोन अंशात. एक रेघ मुद्दाम काढल्यासारखी वाटत होती, ती खोडून मुद्दाम काढल्यासारखी वाटणार नाही अशी काढली. खाली उजव्या कोपऱ्यात सवयीप्रमाणे लिहिलं, सर्व मापे इंचात.

शिवणार कोण, हा प्रश्न होताच. मालिनीबाईंच्या ओळखीच्या सगुणाबाई मूळच्या नांदगावकडच्या, आता सातपूरला राहून गोधड्या शिवणाऱ्या. गायधनींनी आराखड्याचा फोटो काढून त्यांना पाठवला आणि हे कुणाला सांगायचं नाही अशी मालिनीबाईंना ताकीद दिली. फोटोत खालचा कोपरा तेवढा कापला गेला. सगुणाबाईंनी जन्मभर गोधडी वितीनं मोजलेली. कागदावर अठरा म्हणजे अठरा वीत, त्यात विचारायचं काय?

चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

"भाऊ, लय मोठं होतंय हे."

गायधनींना वाटलं, आराखड्यात मधोमध दाखवलेल्या मोठ्या लाल तुकड्याबद्दल त्या बोलताहेत. त्यांचा आवाज चढला. "मोठंच हवंय. तोच तर सगळा मुद्दा आहे."

"कापड पुरायचं नाय."

"मग आणखी घ्या. पण माप एक सूतही कमी करायचं नाही."

माणूस एवढ्या ठामपणे सांगतोय म्हणजे सभागृहाला पडदा करत असणार, असं सगुणाबाईंनी धरलं. मालेगावला पुतणीच्या सासरी माग होते, तिथून चिंध्यांची दोन पोती मागवली, गल्लीतल्या चौघींना बसवलं आणि गोधडी पुरी केली.

रविवारी गायधनी गोधडी ठेवायला पिशवी घेऊन प्रदर्शनाच्या फाटकापाशी उभे होते. सगुणाबाई छोटा हत्ती टेम्पो घेऊन आल्या. पाच बायकांनी लग्नाच्या हॉलातल्या सतरंजीसारखी गुंडाळी खांद्यावर घेतली आणि गायधनी नको नको म्हणेपर्यंत आत नेली. उलगडली तर साडेतेरा फूट बाय अठरा फूट. कमानीला टांगली तर भिंत झाकून जमिनीवर लोळली, आणि शेजारच्या तीन गोधड्या तिच्याखाली गेल्या. त्यात निकिताची श्वास घेणारी बाहीही गुदमरली.

गायधनींनी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात यशश्री आली, वर पाहिलं आणि तिचा हात छातीवर गेला. सहा आठवडे मी आकारांशी खेळा म्हणतेय, सगळे मीठ चाखावं तसे खेळले, पण काकांनी प्रमाणालाच आव्हान दिलं, असं ती माइकवर म्हणाली. समोर फिरायला येणारी मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून बसलेली. यशश्रीनं विचारलं, कुठे थांबायचं हे हाताला कसं कळलं?

गायधनींनी मंडळींकडे पाहिलं. "खरं सांगू? मी मोजलंच नाही. हात जात राहिला."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या सगुणाबाईंना मात्र ते ऐकवलं नाही. मोजलं नाही म्हणून भाऊंना भरल्या सभेत जाब विचारताहेत आणि ते बिचारे कबूल करताहेत, अशी त्यांची समजूत झाली. त्या उठल्या.

"असं नका म्हणू, भाऊ. बाई, यांनी एकेक माप लिवून दिलंय. रेघ किती वाकडी ते सुदीक लिवलंय. ह्यो बघा."

त्यांनी मोबाइल पुढे केला. आराखड्याच्या माथ्यावर, पस्तीस वर्षांच्या सरावाच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: उत्स्फूर्त गोधडी, अंतिम आराखडा, सुधारणा क्रमांक तीन.

यशश्रीनं ते दोनदा वाचलं. मग मोबाइल रांगेरांगेतून फिरला आणि हसूही त्याच्यामागून फिरलं. गायधनींचे कान लाल झाले. त्यांनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं, आकडे इंचाचे होते हेही सांगितलं.

सगुणाबाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "इंच? मग पायपुसणं करायचं व्हतं व्हय?"

यशश्रीनं गोधडीशेजारचं नावाचं कार्ड काढलं आणि कोरं घेऊन सगुणाबाईंपाशी बसली. त्यांचं नाव लिहिलं, चौघींची लिहिली. मग विचारलं, काकांचं काय लिहू? सगुणाबाईंनी विचार केला. शिवण त्यांची नव्हती, कापडही नव्हतं. पण माणसाला अगदीच वगळणं त्यांना बरं वाटेना.

"मापं लिवा," त्या म्हणाल्या. "मापं भाऊंचीच हायत."

आजवर काढलेल्या शेकडो नकाशांवर वरच्या साहेबाचं नाव असायचं. गायधनींचं एकदाही आलं नव्हतं. आता पहिल्यांदाच आलं, तेही नऊपट चुकलेल्या मापांखाली.

मालिनीबाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "अहो, कार्डाशेजारी उभे राहा, फोटो काढते."

गायधनी जाऊन उभे राहिले.